गाडीसकट आगगाडीत: आल्प्समधली हिवाळी मोटार-रेल्वे कितपत कामाची?

युरोपात हिवाळ्यात निवांत, लांब पल्ल्याचा गाडीप्रवास आखायचा असेल तर शहरं आणि हॉटेलं नंतर ठरवा, आधी आल्प्स कुठून ओलांडायचे ते ठरवा. ॲमस्टरडॅमहून निघा नाहीतर प्रागहून, इटलीत उतरायचं म्हणजे मधे ही भिंत आहेच. उन्हाळ्यात नकाशावर दिसणारे निम्मे घाट डिसेंबरात नसल्यासारखेच असतात. फुर्का (२,४२९ मीटर), फ्लुएला (२,३८३), गॉटहार्डचा जुना घाट (२,१०६) आणि ग्रेट सेंट बर्नार्ड (२,४६९) हे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंद होतात, ते थेट मे-जूनमध्ये उघडतात. तेवढ्या काळात तुमच्यापुढे तीनच मार्ग उरतात: रस्त्याचे बोगदे, वर्षभर उघडे राहणारे मोजके घाट, आणि स्वित्झर्लंडची मोटार-रेल्वे. यातली तिसरी सोय बाहेरून येणारे बहुतेक जण विचारातच घेत नाहीत. सावकाश प्रवास करणाऱ्यांना ती सर्वांत सोयीची, म्हणून हे परीक्षण तिचं.

सेवा साधी आहे. डोंगराच्या एका बाजूच्या स्टेशनात गाडी चालवत थेट रेल्वेच्या डब्यावर चढवायची, गाडीतच बसून राहायचं आणि पलीकडे चालवत उतरायचं. तिकीट गाडीचं असतं, आतल्या माणसांचं वेगळं काढावं लागत नाही. नेहमीच्या दिवशी आरक्षणही लागत नाही.

यातली सर्वांत भरवशाची लोत्शबर्गची. बर्नहून श्पीत्स, फ्रुटिगेन करत कांडरश्टेगला पोचायचं. तिथून १९१३ साली उघडलेल्या १४.६ किलोमीटरच्या बोगद्यातून १५ मिनिटांत गोपेनश्टाइन. दिवसभर साधारण अर्ध्या तासाला एक गाडी, आणि गर्दी वाढली की त्याहून लवकर. भाडं ३० फ्रँकच्या आसपास. पलीकडे रोन नदीचं खोरं, मग ब्रिग, मग सिंप्लॉन घाट. सिंप्लॉन २,००५ मीटर उंच असूनही हिवाळ्यात सहसा चालू ठेवतात. मोठी हिमवृष्टी झाली की तेवढ्यापुरता बंद होतो. तसं झालंच तर ब्रिगहून इटलीतल्या ईझेलेपर्यंत दुसरी मोटार-रेल्वे आहे. तिला २० मिनिटं लागतात, पण फेऱ्या मोजक्याच असतात. घाट बंद झाल्यावर तिकडे धावू नका, सकाळीच वेळापत्रक पाहून ठेवा.

एक घोटाळा इथे हमखास होतो. लोत्शबर्गच्या नावाचे बोगदे दोन आहेत. २००७ साली सुरू झालेला ३४.६ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा प्रवासी आणि मालगाड्यांचा आहे, त्यातून मोटारी नेत नाहीत. नॅव्हिगेशनमध्ये नुसतं ‘लोत्शबर्ग’ न टाकता कांडरश्टेगचं मोटार-चढाव स्थानक टाका. शिवाय ‘फेरी टाळा’ हा पर्याय चालू असेल तर काही नकाशे मोटार-रेल्वेलाही फेरीत धरतात आणि तुम्हाला शे-दीडशे किलोमीटरचा वळसा घालायला लावतात. निघण्याआधी ते एकदा पाहून घ्या.

वेराइना ही आमच्या मते सर्वांत सुंदर आखलेली सेवा. क्लोस्टर्सजवळच्या झेलफ्रांगाहून एंगादीन खोऱ्यातल्या साल्याइन्सपर्यंत १९ किलोमीटरचा बोगदा, १९९९ सालचा; वेळ १८ मिनिटं. फ्लुएला घाट बंद असताना उत्तरेकडून खालच्या एंगादीनमध्ये शिरायला याच्याइतकी सरळ वाट नाही. आणि पलीकडे पोचल्यावर पर्याय कितीतरी: ओफेन घाटाने म्यूस्टाइरला आणि पुढे मेरानोकडे, इन नदीच्या कडेने ऑस्ट्रियात, किंवा सेंट मॉरिट्झवरून मालोया उतरून कियावेन्नाला. हे सगळे रस्ते हिवाळ्यात एरवी चालू असतात. दोष एकच, शनिवार. स्की-हॉटेलांची खोल्यांची अदलाबदल शनिवारी होते आणि फेब्रुवारीच्या शाळांच्या सुट्ट्यांत झेलफ्रांगापुढे रांग लागते. हिवाळी दरही उन्हाळ्यापेक्षा चढे असतात. निवांत प्रवास असेल तर मंगळवार-बुधवार धरा. तीच सेवा, रांग नाही.

फुर्काबद्दल मात्र सांभाळून बोलावं लागतं. रेआल्प ते ओबरवाल्ड, १५.४ किलोमीटर, १९८२ पासून. बोगदा खणखणीत आहे. अडचण त्याच्या दोन्ही तोंडांपर्यंतच्या रस्त्यांची. रेआल्पकडची दरी आणि ओबरवाल्डकडचा गोम्स खोऱ्यातला रस्ता, दोन्हीकडे हिमस्खलनाचा धोका वाढला की रस्ते बंद करतात आणि मग चालू असलेल्या रेल्वेचा काही उपयोग राहत नाही. सलग दोन दिवस जोराचा बर्फ पडला असेल तर फुर्काच्या भरवशावर पुढच्या गावची खोली आरक्षित करू नका. हवा स्थिर असेल तर मात्र आंडरमाटहून ब्रिगला जायला हाच जवळचा मार्ग. आंडरमाटहून पूर्वेला सेद्रूनला जाणारी ओबराल्पची मोटार-रेल्वे वेगळी आहे: ती फक्त हिवाळ्यात चालते, दिवसाला थोड्याच फेऱ्या असतात आणि तिला आरक्षण आधी करावंच लागतं.

आता चढवण्याची रीत. एकदा कळली की सोपी आहे, पण पहिल्या वेळी दडपण येतं. टोलनाक्यासारख्या खिडकीवर किंवा यंत्रावर पैसे भरायचे, मग रांगेचा क्रमांक मिळतो. उंच कॅम्परव्हॅन आणि छतावर पेटी असलेल्या गाड्यांनी उंचीची पाटी पाहून रांग धरायची. हिरवा दिवा लागला की रॅम्पवरून शेवटच्या डब्यात चढायचं आणि पुढच्या गाडीच्या मागून डब्यामागून डबे ओलांडत पुढे सरकायचं. मार्ग अरुंद असतो: दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, चाकांखाली दोन डब्यांमधल्या जोडपट्ट्यांचा खडखडाट. नजर पुढच्या गाडीवर ठेवा, कठड्याकडे बघत राहिलं की स्टीअरिंग तिकडेच वळतं. आरसे आत घेण्याचा मोह आवरा. मागचं दिसायला हवं. कर्मचाऱ्याने हात दाखवला की थांबा. हातब्रेक ओढा, पहिला गिअर घाला, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’. इंजिन बंद, दिवे बंद, काचा वर. पाऊस ओळखून आपोआप चालणारे वायपर असतील तर तेही बंद करा. गाडीतून उतरायचं नाही.

बिघडतं ते इथून पुढे. इंजिन बंद म्हणजे हीटर बंद. चार माणसांच्या श्वासाने पंधरा मिनिटांत काच आतून धुरकटते आणि पलीकडे थांबल्याबरोबर मागच्या गाड्या खोळंबलेल्या असतात. म्हणून कोरडं सुती फडकं दाराच्या कप्प्यात हाताशी ठेवा, बुटांवरचा बर्फ गाडीत बसण्याआधीच झटकून टाका (पायपुसण्यात वितळलेलं पाणीच काचेवर येऊन बसतं), आणि इंजिन सुरू होताच एसी चालू ठेवून गरम हवा पुढच्या काचेवर सोडा. एसीने हवा कोरडी होते. नुसत्या गरम हवेला जास्त वेळ लागतो. काच बाहेरूनही धुरकटू शकते: रात्रभर थंडीत गारठलेली गाडी डोंगराच्या पोटातल्या उबदार, दमट हवेत शिरली की बाहेरच्या बाजूला दव धरतं. त्याला वायपरचा एक फटकारा पुरतो. गॉटहार्डच्या रस्त्याच्या बोगद्यातही हेच होतं, तिथे मात्र ते धावत्या गाडीत होतं, म्हणून हात आधीच वायपरवर असू द्या.

दुसरी गोष्ट छताची. छतावर साचलेला बर्फ आदल्या मुक्कामावरच पूर्ण उतरवा, स्थानकात नाही. डोक्यावर विजेच्या तारा असतात: लोत्शबर्गला १५,००० व्होल्ट, वेराइना आणि फुर्काला ११,०००. दारात उभं राहून छतावरची पेटी उघडणं किंवा लांब दांड्याच्या ब्रशने बर्फ ओढणं तिथे जिवावर बेतू शकतं. लांब अँटेना असेल तर ती खाली करा.

पर्यायांशी तुलना करूया. गॉटहार्डचा १६.९ किलोमीटरचा बोगदा १९८० सालचा. स्विस महामार्गाच्या विन्येटमध्येच (म्हणजे ठरावीक मुदतीच्या महामार्ग-परवान्यात) त्याचा टोल येतो, म्हणून स्वस्त. पण सुट्ट्यांच्या शनिवारी उत्तरेकडच्या तोंडाशी, ग्योशेनेनला, रांग लागते. एक किलोमीटर रांग म्हणजे साधारण १० मिनिटं, असा तिथला ठोकताळा आहे. सान बर्नार्दीनोचा बोगदा (६.६ किलोमीटर) त्याच विन्येटवर चालतो, तिथे गर्दी बहुधा कमी असते, रस्ता मात्र जास्त वळणांचा आणि चढाचा. फ्रान्स आणि इटली जोडणाऱ्या माँ ब्लाँच्या ११.६ किलोमीटरच्या बोगद्याला एका बाजूचेच ५० युरोंहून जास्त पडतात. परतीचं तिकीट बरंच स्वस्त पडतं, पण ते सात दिवसांतच वापरावं लागतं, म्हणजे सावकाश प्रवासाला निरुपयोगी. तो २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी दुरुस्तीसाठी सप्टेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद होता, त्यामुळे शरदात निघणार असाल तर आधी तारखा पाहा. आत ७० किलोमीटरची वेगमर्यादा आणि दोन गाड्यांत १५० मीटर अंतर ठेवणं बंधनकारक आहे. १९९९ च्या आगीत ३९ जणांचा बळी गेला, त्यानंतरची ही शिस्त अगदी योग्य आहे. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरचा ब्रेनर घाट सुमारे १,३७० मीटरच उंच, म्हणून हिवाळ्यात सर्वांत सोपा. पण त्या महामार्गाला ऑस्ट्रियाचा विन्येट चालत नाही, वेगळा टोल आहे. आणि त्याच महामार्गावरच्या लुएग पुलाच्या पुनर्बांधणीमुळे १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक दिवस तिथे प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असते.

विन्येटची खरेदी ही क्षुल्लक बाब वाटते, पण पैसे तिथेच वाया जातात. स्विस विन्येट वर्षाचाच मिळतो, ४० फ्रँक; पण तो आदल्या वर्षीच्या १ डिसेंबरपासून पुढच्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंत, म्हणजे १४ महिने चालतो. डिसेंबरात निघत असाल तर नव्या वर्षाचाच घ्या. इ-विन्येट नंबरप्लेटशी जोडलेला असतो, म्हणून भाड्याची गाडी असेल तर चावी हातात येऊन नंबर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काढू नका. ऑस्ट्रियात एक आणि दहा दिवसांचे डिजिटल विन्येट तत्काळ लागू होतात, पण दोन महिन्यांचा किंवा वर्षाचा ऑनलाइन घेतला तर ग्राहकाच्या रद्द करण्याच्या हक्कामुळे तो खरेदीपासून १८व्या दिवशी लागू होतो. सीमेवर पोचल्यावर फोनवर दोन महिन्यांचा काढणाऱ्याला त्या दिवशी दंडच बसायचा.

मोटार-रेल्वेने घाट वाचला तरी तिच्यापर्यंतचा चढ तुमच्याच चाकांवर आहे. कांडरश्टेग ११०० मीटरच्या वर, रेआल्प १५०० च्या वर. टायरच्या कडेवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह हवं. नुसतं एम-प्लस-एस (चिखल-बर्फाचं जुनं चिन्ह) आता जर्मनीत आणि फ्रान्सच्या डोंगराळ भागांत हिवाळी टायर म्हणून धरत नाहीत, दोन्हीकडे २०२४ च्या हिवाळ्यापासून. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर लागतात आणि त्यांची खाच किमान ४ मिलिमीटर हवी. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही, पण उन्हाळी टायरमुळे तुम्ही वाहतूक अडवलीत तर दंड होतो. भाड्याच्या गाडीचे चारही टायर चिन्ह आणि खाच पाहूनच ताब्यात घ्या.

बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्यांच्या बाबतीत फसगत होते ती भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर ठरल्यापेक्षा मोठी गाडी त्याच पैशांत मिळते तेव्हा. रुंद चाकं आणि त्यांच्यामागे जेमतेम जागा असलेल्या कित्येक गाड्यांना साखळी चढवायची परवानगीच नसते. गाडीच्या पुस्तिकेत ते आकारासकट लिहिलेलं असतं. टायरवरचा आकडा, उदाहरणार्थ २०५/५५ आर १६, आणि साखळीच्या डब्यावरचा आकडा अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. ऊबदार पार्किंगमध्ये एकदा चढवून पाहा: केबलचं कडं चाकामागून सरकवायचं, वरती जोडायचं, मग बाहेरची साखळी ताणून रबराचा हूक अडकवायचा. हातमोजे रबरी घ्या, लोकरी मोजे दोन मिनिटांत भिजतात. साखळी इंजिनची ताकद ज्या चाकांवर जाते त्यांनाच चढवायची, दोनेकशे मीटर गेल्यावर थांबून पुन्हा ताणायची आणि ५० च्या वर जायचं नाही. गोल निळ्या पाटीवर साखळीचं चाक दिसलं की रुंद जागा पाहून तिथेच थांबा; चढाच्या मध्यावर थांबलात तर पुन्हा सुटणं अवघड. आणि रेल्वेच्या डब्यावर चढण्याआधी साखळ्या उतरवायच्या, म्हणून त्या ओल्याच ठेवता येतील अशी जाड पिशवी सामानाच्या सर्वांत वर राहू द्या.