पाच जणांच्या कार्यालयात बिम सॉफ्टवेअर: दहा महिन्यांचा अनुभव

आमच्या वास्तुरचना कार्यालयात पाच जण काम करतात आणि दहा महिन्यांपूर्वीपर्यंत आमची सगळी ड्रॉइंग द्विमितीय कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर सुट्या रेषा मारून, होत असत. त्यानंतर आम्ही बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) सॉफ्टवेअर घेतले, म्हणजे इमारतीचे एकच त्रिमितीय मॉडेल उभे करायचे आणि प्लॅन, सेक्शन (इमारत उभी कापून दिसणारे दृश्य), एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) त्यातूनच काढायचे. कोणते सॉफ्टवेअर घेतले हे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे या प्रकारच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू पडावेत. कल्पना तशी जुनीच आहे. ऑटोकॅड हे कॅड सॉफ्टवेअर १९८२ मध्ये आले, तर बिम प्रकारातले आर्किकॅड १९८४ मध्ये आणि रेव्हिटची पहिली आवृत्ती २००० मध्ये. एवढी वर्षे आम्ही काय करत होतो, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: हातातले काम थांबवून नवे शिकण्याइतकी फुरसत पाच जणांच्या कार्यालयात कधीच नसते.

प्रात्यक्षिकात भिंत ओढली की ती सगळ्या दृश्यांत एकदम उभी राहते आणि पाहणारा भारावून जातो. मात्र सॉफ्टवेअरला आपल्या कार्यालयाची पद्धत माहीत नसते आणि ती त्याला शिकवण्यात किती वेळ जातो, हे प्रात्यक्षिकात दिसत नाही. आमच्या पहिल्या प्रिंटमध्ये कापलेली भिंत आणि तिच्यामागचे कपाट एकाच जाडीच्या रेषांत आले होते. काय कापले आहे आणि काय पलीकडे दिसते आहे, हे आम्हालाच सांगता येईना. १:१०० आणि १:५० या दोन्ही प्रमाणांसाठी रेषांच्या जाड्या, मापांची अक्षरे, भिंतींचे थर, दारे-खिडक्यांचे प्रकार आणि शीटचा मथळा हे सारे टेम्प्लेटमध्ये, म्हणजे प्रत्येक नवे काम जिच्यापासून सुरू होते त्या नमुना फाइलमध्ये, बसवण्यासाठी एका सहकाऱ्याचे जवळजवळ दोन महिने खर्ची पडले. या काळात त्याच्याकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा ठेवायची नसते. आम्ही ती ठेवली आणि म्हणूनच दोन महिने लागले.

दुसरी अडचण विचार करण्याच्या पद्धतीची होती. कॅडमध्ये दोन समांतर रेषा मारल्या की भिंत झाली. ती कशाची आहे, स्लॅबपर्यंत जाते की बीमखाली थांबते, हे प्रश्न वर्किंग ड्रॉइंगपर्यंत, म्हणजे बांधकामासाठीच्या तपशीलवार ड्रॉइंगपर्यंत, पुढे ढकलता येत असत. येथे ते पहिल्याच दिवशी समोर येतात. नवशिक्या उत्साहात आम्ही पहिल्या कामात खिडक्यांच्या मुठी आणि स्कर्टिंगसुद्धा मॉडेलमध्ये बसवले आणि त्यानंतर मालकांनी जिना इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नेण्यास सांगितले. मॉडेलमधील तपशिलासाठी १०० (अगदी ढोबळ) ते ५०० अशी पातळ्यांची श्रेणी प्रचलित आहे. प्लॅन मंजूर होईपर्यंत २०० च्या पुढे जायचे नाही आणि भिंतीसाठी थर नसलेला एकच तात्पुरता प्रकार वापरायचा, असा नियम आम्ही त्यानंतर केला.

सर्वांत महागात पडलेली चूक मात्र सॉफ्टवेअरची नव्हती. एका सेक्शनमध्ये बीम, स्लॅब आणि भिंत यांचा सांधा नीट जुळत नव्हता. मॉडेल दुरुस्त करण्याऐवजी आमच्यातील एकाने त्यावर पांढरा पट्टा टाकून झाकला आणि वरून साध्या रेषांनी बीम काढून दिला. कॅडच्या सवयीने पाहिले तर यात गैर काहीच नव्हते. प्रिंट देखणी आली. तीन आठवड्यांनी डक्टसाठी जागा हवी म्हणून मजल्याची उंची ३००० वरून ३१५० मिलिमीटर केली. स्लॅब, खरे बीम आणि भिंती १५० मिलिमीटर वर सरकल्या, परंतु ते रेखाटन जुन्याच उंचीवर राहिले आणि आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात न येता शीट साइटवर गेली. "हा बीम हवेत लटकवायचा आहे का?" असा साइटवरून फोन आला तेव्हा आम्हाला चूक कळली. आता मॉडेलवर रेष मारायचीच असेल तर ती किरमिजी रंगात मारतो, म्हणजे प्रिंटपूर्वी ती डोळ्यांत खुपते.

फायदा सर्वाधिक जाणवला तो दारे-खिडक्यांच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे त्यांचे प्रकार आणि संख्या देणाऱ्या तक्त्यात. पूर्वी प्रिंटवर रंगीत पेन्सिलीने खुणा करून मोजणी होत असे आणि दोघांची बेरीज क्वचितच जुळत असे. आता दार हलवले, बदलले किंवा काढले की तक्ता आपोआप बदलतो. त्यावर डोळे मिटून विसंबताही येत नाही. एकदा एकाच जागी एकावर एक दोन दारे बसली होती, प्लॅनमध्ये एकच दिसत होते आणि तक्त्यात दोन मोजली गेली. सॉफ्टवेअरने तसा इशारा दिला होता, पण तोपर्यंत न वाचलेल्या इशाऱ्यांची संख्या शेकड्यांत गेली होती. हल्ली दर शुक्रवारी दुपारी ती यादी रिकामी केल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

बाहेरच्या सल्लागारांशी देवाणघेवाण अजूनही कष्टाची आहे. आयएफसी हा खुला फाइलप्रकार आयएसओ १६७३९ म्हणून प्रमाणित आहे आणि त्यातून भिंती, स्लॅब, खांब व्यवस्थित जातात; आमचे उतरते छप्पर मात्र पलीकडे निव्वळ एक ठोकळा होऊन पोचले. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, त्यामुळे काम चालू असताना आवृत्ती बदलायची नाही, हे आधीच ठरवून घ्यावे लागते. संगणकांचीही तयारी हवी: १६ जीबी मेमरी छोट्या घरापुरती चालली, मोठ्या कामासाठी ३२ जीबी करावी लागली.

तरीही जुन्या कॅडचा एक परवाना आम्ही चालू ठेवला आहे. १:५ चे खिडकीचे तपशील त्यात लवकर होतात, आणि जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे काम आले, जिथे एकही भिंत दुसरीशी काटकोनात नाही, तर सध्या तरी आम्ही तोच उघडतो.