बेगमपुऱ्यातलं येमेनी जेवण: मटण-भाताची मंदी राहू द्या, ज्वारीची लहूह मागा

जालन्यात मी 22 वर्षं मेस चालवली. रोज दोन वेळचे 60 डबे. त्यामुळे कुठल्याही हॉटेलात गेले की माझी नजर आधी पिठाकडे जाते. संभाजीनगरला बेगमपुऱ्यातल्या या हॉटेलात कणकेची परात दिसलीच नाही. एका स्टीलच्या डब्यात पातळ, राखाडी झाक असलेलं पीठ होतं, वर बारीक बुडबुडे. त्याला वास येत होता तो थेट माझ्या आईच्या आंबिलीच्या मडक्याचा. मी लेकीला म्हटलं, "अगं, ही तर ज्वारी आहे."

लेक विद्यापीठात एम.एस्सी. करते, तिनंच मला नेलं. पाटीवर फक्त "येमेनी जेवण, घरगुती" एवढंच लिहिलंय. पाच टेबलं, एक खिडकी, आणि पलीकडे उघडं स्वयंपाकघर. चालवणारी बाई चाळिशीची, परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातली. सगळे तिला ताई म्हणतात. फेब्रुवारीपासून आतापर्यंत मी तीनदा जेवून आले (एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून असं जाणं मला परवडतं), म्हणून आता लिहिते.

आधी लहूह. येमेनमध्ये ज्वारी फार जुनी. तिकडे तिला "धुरा" म्हणतात. आपल्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध, हे मी ताईला सांगितलं तर ती पीठ ढवळता ढवळता थांबली आणि म्हणाली, "म्हंजे दोन्ही रानातलेच की, मावशी." ज्वारीचं पीठ दोन वाट्या असेल तर गव्हाचं एक वाटी, रात्रभर आंबवलेलं. तव्यावर धिरड्यासारखं ओतायचं, पण उलटायचं नाही. खालून शेकतं, वरून जाळी पडते. मी पहिल्या दिवशी खिडकीशी उभी राहून बघितलं: पीठ ओतल्यावर ती हात लावत नाही, तवा एकदाच फिरवते आणि कडा सुटायची वाट बघते. भाकरी करणाऱ्या बाईला हे सर्वांत अवघड, कारण आपला हात थापायला आणि उलटायला धावतो. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी ओढ नसते, म्हणून आपण गरम पाण्याचं उन मोडून, मळून, थापून तिला एकत्र धरतो. इथं तेच पीठ आंबवून सैल सोडायचं. तिला हे जमायला वर्ष लागलं म्हणे.

ही लहूह ती दह्यात भिजवून देते, त्याला शफूत म्हणतात. दह्यात कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, लसूण वाटून घातलेलं. थंडगार, आंबट, तिखट. मे महिन्यातल्या दुपारी मी दोन ताटल्या खाल्ल्या. त्या दिवशी मात्र लहूह जरा जास्तच आंबली होती. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पीठ चार तासांत वर येतं, रात्रभर ठेवून चालत नाही. तिला मी तसं सांगितलं. तिनं वाद घातला नाही, दुसऱ्या डब्यातलं पीठ बोटानं चाखलं आणि तो डबा बाजूला केला.

ती हे कुठं शिकली ते सांगायलाच हवं, कारण चवीचा उगम तिथंच आहे. आपल्या विद्यापीठात येमेनचे विद्यार्थी बरीच वर्षं येतात. त्यातल्या एका पीएच.डी. करणाऱ्याच्या घरी, 2015 साली, ही भांडी घासायला लागली. नवरा, बायको, तीन लेकरं. तिकडे युद्ध पेटलेलं. राजधानी सनाचा विमानतळ 2016 पासून प्रवासी विमानांना बंद होता, तो 2022 च्या मेमध्ये उघडला. म्हणजे घरी जायचं ठरवलं तरी वाट सोपी नव्हती. त्या घरच्या बाईला मराठी येत नव्हतं, हिला अरबी येत नव्हतं. एकीनं दुसरीचा हात धरून पिठात घालायचा, मान हलवायची, एवढीच शिकवणी. एके दिवशी हिनं तिला भाकरी थापून दाखवली. दुसऱ्या दिवशी तिनं हिला मेथीचा फेस करून दाखवला. ते कुटुंब गेलं तेव्हा दोन दगडी भांडी हिच्याकडे सोडून गेलं. तीच आज शेगडीवर आहेत.

त्या भांड्यात येतो सल्ता. सना भागातलं हे दुपारचं जेवण. रश्शात बटाटा, भेंडी, टोमॅटो शिजवतात, वर अंडं फोडतात आणि भांडं उकळतं असतानाच टेबलावर आणतात. खरं काम त्यावरच्या पांढऱ्या थराचं, त्याला हुल्बा म्हणतात. मेथीदाण्याची पूड पाण्यात भिजवून, वरचं कडू पाणी ओतून टाकून, उरलेला गोळा हातानं फेटायचा. ताई डाव्या हातानं पातेलं पोटाशी धरते आणि उजव्या हाताची बोटं पसरून मारत राहते. पिवळट गोळा फिका होतो, मग पांढरा, मग दह्यासारखा फुगतो. मी घड्याळ लावून बघितलं, 18 मिनिटं. मिक्सरमध्ये गरम होतो आणि कडूपणा परत येतो, असं तिचं म्हणणं. आपल्याकडे मेथीदाणा म्हणजे बाळंतिणीचे लाडू नाहीतर लोणचं. त्याचा असा ढगासारखा फेस होतो, हे मला 58 व्या वर्षी कळलं. कडूपणा शेवटी जिभेच्या कडेला थोडासाच लागतो, आणि त्यानं रस्सा जड वाटत नाही. बाजूला वाटीत सहाविक: हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, टोमॅटो, पाट्यावर वाटलेलं. दाणे नसलेला ठेचाच. बिनमटणाचा सल्ता 140 रुपये, लहूह 40. दोघींचं पोट भरलं.

आता मंदी. सगळी टेबलं मंदीच मागतात, शुक्रवारी नमाजनंतर तर रांग असते, आणि हीच तिथली सर्वांत कच्ची गोष्ट. मंदी येमेनमधल्या हद्रमौतकडची, जमिनीतल्या भट्टीत धुरावर शिजणारी. इथं जागा नाही, म्हणून ती टोपात भात करते आणि मधे कोळशाची वाटी ठेवून धूर देते. धूर भातावर बसतो, मटणात उतरत नाही. दुसरी अडचण मीठ. ताईचं माहेर माळकरी, ती मटण शिजवते पण चाखत नाही. चाखतो नवरा. तो रिक्षा घेऊन बाहेर असला की अंदाजानं मीठ पडतं. जुलैत गेले तेव्हा लेकीच्या ताटातला भात खारट होता, आणि 320 रुपयांना ते लागतं. तिनं पैसे घेतले नाहीत, तरीही मी हे लिहिते, कारण तिला मी समोरच सांगितलं: मंदी बंद कर. ती म्हणाली, "बंद केली तं भाडं कुठून येईल?" मेस चालवलेल्या माणसाला हे उत्तर पटतं. पण गिऱ्हाईकांनी सल्ता मागायला सुरुवात केली, तर तिला ती बंद करता येईल. म्हणून हा सगळा खटाटोप.

शेजारच्या टेबलावरचा एकजण मोठ्यानं म्हणाला की मराठी बाईच्या हातचं अरबी जेवण खरं कसं असेल. मला ते लागलं. माझ्या वर्गात चाऊस आडनावाच्या दोन मुली होत्या. निजामाच्या फौजेत हद्रमौतहून आलेल्या अरबांचं ते आडनाव, आणि त्या मुली माझ्यासारख्याच मराठी माध्यमात शिकल्या, माझ्या डब्यातली येसर आमटी खाल्ली. माणसं तिकडून येऊन इथली झाली, मग इथल्या बाईनं तिकडचा तवा शिकला तर कमी काय पडलं? आणि हिच्या मसाल्यात खोट नाही. हवाइज ती स्वतः भाजते: जिरं, मिरं, धने, वेलदोडा, हळद. येसर करणाऱ्या बाईला भाजणीचा नेमका रंग कळतो, ते तिथं दिसतं.

असीदा म्हणजे घट्ट उकड, मधे खळगा करून त्यात रस्सा किंवा तूप-मध. ठीक. मध चांगला असला तरच मागा. तिकडचा नावाजलेला सिद्र मध आपल्या बोरीच्याच जातीच्या झाडाचा, पण तो इथं कसा परवडणार, ती साधा वापरते. आल्याचा किश्र, म्हणजे कॉफीच्या सालींचा काढा, जेवणानंतर जरूर घ्या. 20 रुपये.

पंखा एकच आहे, हात धुवायला नळ बाहेर आहे, आणि ताट यायला अर्धा तास लागतो. सोमवारी बंद. एकच्या आत पोहोचा, कारण हुल्बा ती दिवसातून एकदाच फेटते आणि दोनपर्यंत संपतो.

घरी येऊन मी तीनदा करून बघितला. एकदाही पांढरा झाला नाही. पुढच्या महिन्यात भावाच्या रानातली 5 किलो मालदांडी ज्वारी दळून तिच्यासाठी नेणार आहे. तिनं कबूल केलंय की त्या दिवशी मला आत येऊ देईल, आणि पातेलं माझ्या हातात देईल.