नवा बुशफायर टँकर: ७ महिन्यांचा अनुभव

माझी उंची पाच फूट एक इंच. हे आधीच सांगते, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी त्यातूनच आल्या आहेत.

गेल्या सप्टेंबरात आमच्या ब्रिगेडला, म्हणजे वणवा विझवणाऱ्या गावच्या पथकाला, नवा टँकर मिळाला. आमचं गाव ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे, भोवती निलगिरीचं जंगल आणि मेंढ्यांची कुरणं. ब्रिगेडमध्ये सगळेच बिनपगारी: शेतकरी, दोन सुतार, शाळेतल्या एक बाई आणि साताऱ्याहून इथे येऊन दिवसा लोकांचे हिशेब लिहिणारी मी. ट्रकचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी काढलं. आईला व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तर ती म्हणाली, "अगं, एवढं धूड तू चालवतेस?" चालवते. चढायलाच त्रास होतो.

गाडी अशी आहे: जपानी चेसिस, फोर व्हील ड्राइव्ह, दोन रांगांची कॅब, भरल्यावर वजन साधारण १४ टन. टाकीत ३,५०० लिटर पाणी, म्हणजे नुसतं पाणीच साडेतीन टन. पंपाला स्वतःचं वेगळं डिझेल इंजिन आहे, त्यामुळे गाडी चालती ठेवून पाणी मारता येतं. मागे दोन्ही बाजूंना रबरी नळीची रिळं, पुढच्या बंपरवर जॉयस्टिकने फिरणारी पाण्याची तोफ. जुन्या ट्रकला पंप आणि रिळं होती. बाकीचं सगळं नवीन.

पैसे मुख्यतः कॅबवर गेलेत, आणि ते योग्यच आहे. इकडची आग समजून घ्यायची तर वारा समजून घ्यावा लागतो. उन्हाळ्यातल्या वाईट दिवशी दुपारभर वायव्येकडून भट्टीसारखा वारा वाहतो आणि आग लांबट पट्ट्यासारखी आग्नेयेकडे पळते. मग थंड हवेची लाट येते, वारा नैर्ऋत्येचा होतो, आणि त्या पट्ट्याची जी लांबच लांब कड आतापर्यंत शांत होती तीच आगीचं तोंड होऊन बसते. कडेला काम करणारी माणसं बघता बघता आगीपुढे येतात. २ डिसेंबर १९९८ रोजी व्हिक्टोरियातल्या लिंटन गावाजवळ असाच वारा फिरला आणि जिलाँग वेस्ट ब्रिगेडच्या टँकरवरचे पाचही स्वयंसेवक गेले. आमच्या प्रशिक्षणात हा दिवस दरवर्षी शिकवला जातो. टाकीतलं पाणी चौथाईवर आलं की काम थांबवून भरायला जायचं, उरलेलं पाणी आपल्या जिवासाठी, हा आमच्याकडचा नियम अशाच दिवसांतून आलाय.

आग अंगावर आलीच तर गाडी जळून गेलेल्या किंवा उघड्या जमिनीवर आणायची, तोंड आगीकडे, इंजिन आणि दिवे चालू, काचा बंद. छताभोवतीच्या पाइपातून कॅबवर पाण्याचा पडदा पडतो, चाकांवर वेगळे फवारे आहेत. आतून खिडक्यांवर चंदेरी पडदे ओढायचे, ब्लँकेट घेऊन काचेच्या खाली वाकून बसायचं. आगीचं तोंड पुढे सरकेपर्यंतची मिनिटं काढायची, एवढाच हेतू.

पहिल्या सरावाला मागचा डावा पडदा सीटबेल्टच्या आकड्यात अडकला. पाच माणसं, जाड कोट, हेल्मेटं, त्यात कुणाचा तरी रेडिओ सीटखाली. दीड मिनिट गेलं. कॅप्टन काही बोलले नाहीत, फक्त घड्याळ दाखवलं. आता वीस सेकंदांत होतं. पण फवाऱ्याचं बटण फक्त ड्रायव्हरच्या उजव्या हाताला आहे, हे मला अजून पटलेलं नाही. ड्रायव्हर खाली उतरलेला असला तर डावीकडच्या माणसाने गिअरवरून आडवं पडून तिथे हात घालायचा. मी करून पाहिलं. माझा हात पोचत नाही. लेखी कळवलंय. पुढच्या खेपेच्या गाड्यांत बघू, असं उत्तर आलंय. ही सगळी यंत्रणा खऱ्या आगीत वापरायची वेळ आलेली नाही, म्हणून तिला गुण देत नाही. देण्याची पाळीही येऊ नये.

तोफेबद्दल मात्र मत पक्कं झालंय. जानेवारीत कापणीयंत्राच्या ठिणगीने गव्हाचं शेत पेटलं. आम्ही जळलेल्या बाजूने, माणूस चालेल इतक्या वेगाने, आगीच्या कडेने गेलो. मी कॅबमध्ये थंड हवेत बसून जॉयस्टिक फिरवत होते. धूर नाही, झळ नाही, व्हिडिओ गेम खेळावा तसं. आग भराभर पडत होती आणि पाण्याचा काटाही तसाच पडत होता. मिनिटाला ४०० लिटर सोडले तर अख्खी टाकी नऊ मिनिटंही पुरत नाही. जवळचा शेततलाव दोन किलोमीटरवर. आम्ही भरून परत येईपर्यंत सत्तरीतल्या एका शेतकऱ्याने आपल्या पिकअपवरच्या ५०० लिटरच्या टाकीने, बारीक फवारा मारत, उरलेली कड जवळजवळ विझवली होती. त्याने आमच्याकडे बघून नुसती टोपी हलवली. तेव्हापासून आमचा नियम: आगीच्या तोंडाला तोफ, कडेला रीळ.

वजनाचं म्हणाल तर डांबरी रस्त्यावर गाडी राजेशाही चालते. टाकीत आडव्या पत्र्यांचे कप्पे आहेत, त्यामुळे वळणावर पाणी हिंदकळून गाडी ओढत नाही. जुन्या ट्रकमध्ये अर्धी टाकी असली की पोटात गोळा यायचा. पण जंगलातल्या कच्च्या वाटा जुन्या, अरुंद गाड्यांसाठी काढलेल्या. फांद्यांनी एक अँटेना आणि डाव्या बाजूचा दिवा केव्हाच नेला. नोव्हेंबरात पाऊस झाल्यावर ओढ्याकाठी पुढचं चाक रुतलं ते ट्रॅक्टर आणूनच निघालं. शेतांवरच्या लाकडी पुलांवरून तर जायचंच नाही. म्हणून आता लहान गाडी आधी पाठवतो, ती वाट बघून येते, मग हत्ती निघतो. ज्या ब्रिगेडकडे एकच गाडी आहे तिने हे मॉडेल घ्यावं का? मी तरी नाही म्हणेन.

आणि रात्र. टीव्हीवर ज्वाळा दिसतात. आमचे बहुतेक तास त्या विझल्यानंतरचे असतात. स्ट्रिंगीबार्क नावाच्या निलगिरीची साल काथ्यासारखी, तिच्या आत निखारा तासन् तास जिवंत राहतो आणि वाऱ्याने उडून पुढे पडतो. प्रत्येक बुंधा फोडायचा, ओला करायचा, हात लावून बघायचा. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या डोंगराला वणवा लागला की आमच्याकडे ओल्या डहाळ्या घेऊन माणसं धावायची. रात्री एक वाजता दाताळ्याने मुळाभोवतीची माती खरवडताना तोच वास येतो. अशा कामात गाडीची खरी परीक्षा होते. नव्या ट्रकच्या पंपाला टचस्क्रीन दिलाय. राखेने माखलेले जाड चामडी हातमोजे तो ओळखत नाही. हातमोजा काढावा तर नियम मोडतो, आणि ओल्या बोटाने भलतंच काही सुरू होतं. जुन्या पंपाचा खटका अंधारात चाचपून, कोपराने ढकलूनही चालायचा. हे ज्याने ठरवलं त्याला एक रात्र आमच्याबरोबर पाठवा, चहा मी देईन.

डिझेलच्या धुरातली काजळी जाळणारा फिल्टरही सांभाळावा लागतो. ती जाळताना धुराडं भयंकर तापतं, आणि गाडी उभी असते वाळल्या गवतात! ही प्रक्रिया तात्पुरती थांबवायचं बटण आहे, पण दिवसभर थांबवत राहिलं की गाडी कुरकुरते. परतताना डांबरी रस्त्यावर उरकून घेणं उत्तम.

रंग, सायरन, सीटा ठीक. छोटा फ्रीज दिलाय. बेचाळीस अंशात त्यातून निघालेलं थंड पाणी बघून सगळ्यात जुन्या माणसाने नव्या गाडीबद्दलचे आपले सगळे शब्द मागे घेतले.

राहिले कप्पे. रोज लागणारी दाताळी, नळ्यांचे जोड, पाणी ओढायच्या जाड नळीची जाळी, सगळं वरच्या कप्प्यांत. खाली, सहज हाताला येतील अशा जागी, वर्षातून दोनदा लागणारी साधनं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही सगळं उलटं लावलं. तरी जाड नळी छताजवळच राहिली, तिला दुसरी जागाच नाही. सुतारांपैकी एकाने दुधाचा क्रेट आणून त्याला खाली रबर आणि मागे पट्टा लावून दिला. तो डाव्या कप्प्यात बांधलेला असतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने विचारलं, हे यादीत नाही, हे काय आहे? कॅप्टन म्हणाले, "शिडी."

त्याने लिहून घेतलं.