भाडं १००, बिल १४० : कामासाठी फिरणाऱ्यांना हॉटेलात कुठे कुठे फसवलं जातं

चलन कोणतंही धरा. मोठ्या शहरातली दोन हॉटेलं स्क्रीनवर शेजारी शेजारी दिसतात. एकाचं भाडं रात्रीला १००, दुसऱ्याचं ११२. मीटिंगची जागा दोन्हीकडून सारखीच लांब, म्हणून तीन रात्रींसाठी पहिलं बुक होतं. चेक-आउटच्या वेळी बिल हातात पडतं तेव्हा भाड्याच्या खाली रोजची २२ ची ‘डेस्टिनेशन फी’ असते आणि १२२ वर १५ टक्के कर. म्हणजे रात्रीला १४०. दुसऱ्या हॉटेलात फी नव्हती, तिथे करासकट १२९ पडले असते आणि नाश्ता त्यातच होता. कंपनीने ही फी नामंजूर केली तर तीन रात्रींचे करासकट जवळजवळ ७६ खिशातून जातात.

या फीची नावं बदलतात : रिसॉर्ट फी, अर्बन फी, सुविधा शुल्क. बदल्यात वायफाय, जिम, पाण्याच्या दोन बाटल्या असं काहीतरी दाखवलेलं असतं. जिमचं तोंड पाहिलं नाही तरी फी टळत नाही, आणि खरी लबाडी तिथेच आहे : जी रक्कम टाळताच येत नाही ती भाड्याचाच भाग आहे. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून अशी सक्तीची फी धरूनच हॉटेलचा दर दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून तसाच कायदा आहे. तरी गाफील राहू नका, कारण अमेरिकेच्या नियमात सरकारी कर दाखवलेल्या दराच्या बाहेर ठेवायची मुभा आहे. युरोपात शहराचा कर वेगळा असतो. ॲमस्टरडॅममध्ये तो २०२४ पासून खोलीभाड्याच्या १२.५ टक्के आहे. रोममध्ये माणशी, रात्रीमागे घेतात आणि पंचतारांकित हॉटेलात तो १० युरोपर्यंत जातो. हा कर बऱ्याचदा काउंटरवरच मागतात, म्हणून बुकिंगच्या आकड्यात तो दिसत नाही.

तेव्हा तुलना यादीतल्या आकड्यावर करू नका. दोन्ही हॉटेलांच्या बुकिंगमध्ये कार्डाचा नंबर टाकायच्या अगदी आधीच्या पानापर्यंत जा, तारखा आणि माणसं तीच ठेवा, आणि तिथली एकूण रक्कम लिहून घ्या. ‘हॉटेलमध्ये देय’ अशी बारीक अक्षरातली ओळ असेल तर तीही मिळवा. मग खोलीचा प्रकार, नाश्ता आणि रद्द करण्याची अट जुळते का ते पाहा.

यादीत ठळक दिसणारा दर सर्वात स्वस्त असतो, हा समजही महागात पडतो. ट्रिवागो या तुलना-संकेतस्थळाबाबत ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये ग्राहकांची दिशाभूल झाल्याचा निकाल दिला. एकाच हॉटेलसाठी वेगवेगळ्या विक्रेत्यांचे दर असताना, जो विक्रेता क्लिकमागे जास्त पैसे मोजतो त्याला वर आणण्यात मोठं वजन दिलं जात होतं. शिवाय खोडलेला ‘जुना’ दर काही वेळा त्याच हॉटेलातल्या वरच्या दर्जाच्या खोलीचा होता, म्हणजे दाखवलेली बचत मुळात नव्हतीच. २०२२ मध्ये ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. म्हणून वरची ओळ सोडून त्या हॉटेलचे सगळे दर उघडा, आणि हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरचाही दर बघा. ‘फक्त १ खोली शिल्लक’ हे बहुतेकदा त्या विक्रेत्याच्या वाट्याच्या खोल्यांबद्दल असतं. मध्यस्थाकडून घेतलेल्या खोलीवर बऱ्याच हॉटेल-साखळ्या आपल्या सदस्य-योजनेचे पॉइंट देत नाहीत. आगाऊ पैसे मध्यस्थाने घेतले असतील तर कंपनीच्या नावाचं कर-बिल हॉटेलकडून सहसा मिळत नाही. कामाच्या प्रवासात हे दोन्ही खरे तोटे आहेत, तेही तुलनेत धरा.

आता सर्वात धोकादायक प्रकार. बुकिंग झाल्यावर, मुक्कामाच्या दोन-चार दिवस आधी, बुकिंग ॲपच्या खऱ्या चॅटमध्ये हॉटेलच्या नावाने संदेश येतो : कार्डाची पडताळणी झाली नाही, काही तासांत या लिंकवर करा, नाहीतर बुकिंग रद्द. नाव, तारखा, रक्कम सगळं बरोबर असतं. कारण चोरांनी आधी हॉटेलच्या कर्मचाऱ्याला पाहुण्याच्या तक्रारीसारखा ईमेल पाठवून त्याच्या संगणकात मालवेअर, म्हणजे माहिती चोरणारा प्रोग्रॅम, घुसवलेलं असतं आणि हॉटेलच्या खात्याचा पासवर्ड मिळवलेला असतो. ‘अनोळखी नंबर म्हणजे फसवणूक’ ही नेहमीची खूण इथे चालत नाही, म्हणून चांगले सावध लोकही फसतात. आधी बुकिंगची अट उघडा. ‘पैसे हॉटेलमध्ये’ असं लिहिलं असेल तर आगाऊ पैशाची मागणी खोटीच समजा. मग हॉटेलच्या अधिकृत साइटवरून नंबर घेऊन फोन करा, संदेशातल्या नंबरवर नको. सर्च इंजिनच्या जाहिरातीतला नंबरही नको, तो हॉटेलचा भासतो आणि भलत्याच विक्रेत्याकडे लागतो. बँकेचा ओटीपी किंवा मंजुरी आली तर त्यातलं दुकानाचं नाव आणि रक्कम शेवटपर्यंत वाचा. ‘पडताळणी’साठी पूर्ण मुक्कामाची रक्कम कुणी कापत नाही. माहिती देऊन बसला असाल तर त्याच मिनिटाला कार्ड बंद करा, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, व्यवहारावर बँकेत हरकत नोंदवा आणि हॉटेललाही कळवा. तोच संदेश इतर पाहुण्यांनाही गेलेला असतो.

चेक-इनला कार्ड देताना विचारा : अनामत म्हणून कार्डावर किती रक्कम रोखून ठेवणार? ही फसवणूक नाही, पण डेबिट कार्डावर ती खात्यातली खरी शिल्लक अडकवते आणि सुटायला चेक-आउटनंतर काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्डच द्या.

परदेशात मशीनवर ‘तुमच्या चलनात पैसे द्यायचे का?’ असं विचारतात. सोय वाटते, पण तो दर मशीनवाल्याचा असतो आणि त्यात त्याची टक्केवारी मिसळलेली असते. नेहमी त्या देशाचं चलन निवडा. हा पर्याय ग्राहकाचा आहे, काउंटरवरच्या माणसाने परस्पर दाबायचा नाही. १९ एप्रिल २०२० पासून युरोपीय संघात युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा मशीनवरचा हा दर किती टक्के महाग आहे हे आधी सांगावं लागतं. पावतीवर दोन चलनं दिसली तर सही न करता व्यवहार रद्द करायला सांगा आणि पुन्हा करून घ्या.

रात्री उशिरा खोलीतला फोन वाजतो : ‘रिसेप्शनवरून बोलतोय, तुमचं कार्ड चालत नाही, नंबर पुन्हा सांगा.’ बाहेरचा माणूस ऑपरेटरकडे नुसता खोली क्रमांक मागून हा फोन जोडून घेतो आणि झोपेतला माणूस नंबर सांगून मोकळा होतो. फोन ठेवा, कार्ड घेऊन स्वतः खाली जा. दाराखालून सरकवलेल्या जेवणाच्या पत्रकावरच्या नंबरवर कार्ड सांगू नका, तिथेही हेच चालतं. वायफायचं नेमकं नाव रिसेप्शनला विचारूनच जोडा.

रद्द करण्याची मुदत हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार मोजली जाते. काही तासांच्या फरकाच्या शहरात ‘आज संध्याकाळी ६’ म्हणजे तुमची दुपार असू शकते, किंवा मुदत आधीच उलटलेली असू शकते. मीटिंग सरकायची शक्यता असेल तर परत न मिळणारा स्वस्त दर घेऊ नका.

हॉटेल सोडायच्या आदल्या रात्रीच बिल मागवा. सकाळी टॅक्सी दारात उभी असताना कुणी हुज्जत घालत नाही. काही मिनीबारना, म्हणजे खोलीतल्या खाण्यापिण्याच्या छोट्या फ्रिजना, सेन्सर असतात, वस्तू उचलून परत ठेवली तरी बिलात चढते. खोलीत शिरताच आणि निघताना मिनीबारचा फोटो काढा, चुकीची ओळ काउंटरवरच काढून घ्या, आणि दुरुस्त बिल ईमेलवर आल्याचं बघूनच किल्ली परत द्या.