स्कोप गार्ड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) दोन वजनकाटे आहेत. साफ केलेलं प्रत्येक कास्टिंग (ओतीव भाग) काट्यावर चढतं, काटा सिरीयल केबलवरून वजन पाठवतो आणि सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेतला एक प्रोग्रॅम ते त्या दिवसाच्या फायलीत लिहितो. हा प्रोग्रॅम माझ्याकडे आला तो एका दुखण्यासकट. दोन-चार दिवसांनी येळ्ळूरच्या ऑपरेटरचा फोन यायचा, "दादा, काट्यावर वजन दिसतंय, पण कॉम्प्युटरात पुढं सरकंना झालंय." रीस्टार्ट केलं की चालायचं, म्हणून कुणी खोलात गेलंच नव्हतं. स्कोप गार्ड, म्हणजे उघडलेलं आपोआप मिटवणारा कोडचा छोटा तुकडा, हा त्यावरचा माझा इलाज.

मला एक गोष्ट खटकत होती. इंडक्शन भट्टी दोन्ही शिफ्टला चालली की प्रोग्रॅम लवकर अडायचा. लॉगची शेवटची ओळ दर वेळी तीच, 'टू मेनी ओपन फाइल्स'. लिनक्सवर एका प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) एका वेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फायलींची नेहमीची मर्यादा १०२४ असते. आमचं फंक्शन फाइल उघडायचं, काट्याचा मजकूर वाचायचं, चेकसम (मजकूर बिघडला नाही ना, हे सांगणारा आकडा) तपासायचं, लिहायचं आणि शेवटी फाइल मिटायचं. चेकसम चुकला तर मात्र मधूनच रिटर्न (फंक्शनमधून बाहेर), आणि मिटायची ओळ खाली तशीच राहायची. भट्टी चालू असली की केबलवर नॉइज येतो आणि मजकूर बिघडतो. असा हजारेक वेळा बिघडला की खेळ खलास.

तिथं एक एफक्लोज (फाइल मिटायची आज्ञा) टाकून मोकळं होता आलं असतं. पण त्या एका फंक्शनमध्ये पाच रिटर्न होते. सहावा लिहिणाऱ्याला मिटायची आठवण राहील, याची खात्री कोण देणार?

सी प्लस प्लसमध्ये ब्लॉक (महिरपी कंसांतला कोड) संपला की त्यात जन्मलेल्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारं फंक्शन) आपोआप चालतो, मग तुम्ही रिटर्नने बाहेर पडा, ब्रेकने पडा, नाहीतर वरच्या फंक्शनने झेललेल्या एक्सेप्शनने (फेकलेल्या एररने). बियार्ने स्ट्राउस्ट्रप यांच्या या भाषेचा कणाच हा आहे. त्याच्या जोरावर साफसफाईचं कुठलंही काम एका छोट्या ऑब्जेक्टच्या गळ्यात बांधायचं, ही स्कोप गार्डची कल्पना आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू आणि पेत्रू मार्जिनियन या दोघा प्रोग्रॅमरांनी २००० साली मांडली. सी प्लस प्लस १७ मध्ये (भाषेच्या २०१७ च्या आवृत्तीत) असा तयार गार्ड मिळत नाही, म्हणून वीसेक ओळींचा मीच लिहिला.

सगळ्यात जास्त समाधान सिरीयल पोर्टच्या कोडमध्ये मिळालं. पोर्ट उघडला, त्याच्या खालच्याच ओळीत 'बंद कर'चा गार्ड. मग पोर्टची जुनी सेटिंग जपून ठेवली, त्याच्या खाली 'जुनी सेटिंग परत लाव'चा गार्ड. बाहेर पडताना गार्ड उलट्या क्रमाने चालतात, म्हणजे आधी सेटिंग परत जाते आणि मग पोर्ट मिटतो. हाच क्रम हवा असतो, कारण मिटलेल्या पोर्टला सेटिंग लावता येत नाही. पूर्वी हे सगळं प्रत्येक रिटर्नपाशी हाताने लिहिलेलं होतं आणि दोन ठिकाणी क्रम चुकलेला होता. आता कोड वाचताना उघडणं आणि मिटणं एकाच नजरेत येतं.

चटकेही बसले. पहिल्याच आठवड्यात मी गार्डला नावच दिलं नाही. बिननावाचा ऑब्जेक्ट अर्धविरामापाशीच मरतो, त्यामुळे पोर्ट उघडल्या उघडल्या मिटायचा आणि पुढचं वाचन 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर', म्हणजे 'हे उघडंच नाही', म्हणून परत यायचं. अर्धा दिवस मी केबल बदलत बसलो. मग गार्ड बनवणाऱ्या फंक्शनवर नोडिस्कार्ड (मिळालेलं उत्तर टाकून देऊ नका, अशी खूण) लावलं. आता नाव विसरलं की कंपायलर लगेच इशारा देतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. डिस्क भरली असेल तर फाइल मिटतानाही एरर येऊ शकते, आणि गार्ड ती निमूट गिळतो. डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन फेकायची सोय नाही. सी प्लस प्लस ११ पासून तसं केलं तर प्रोग्रॅम थेट टर्मिनेट होतो. वजनाची नोंद हरवणं म्हणजे कामगाराच्या पीस-रेटचा हिशेब हरवणं. म्हणून तिथं फाइल हातानेच मिटतो, उत्तर तपासतो आणि गार्डला निष्क्रिय करतो. गार्ड फक्त आडवाटेने बाहेर पडलो तर कामाला येतो.

आणि लाईट गेली तर गार्ड-बिर्ड काही चालत नाही. किल -९ ने (प्रोग्रॅम सक्तीने मारायच्या आज्ञेने) मारलं तरी तेच. एक्झिटला (प्रोग्रॅम तिथंच संपवणाऱ्या फंक्शनला) हाक मारली तरी त्या फंक्शनमधले गार्ड चालत नाहीत, हे मला उशिरा कळलं. सर्व्हिस थांबवताना येणारा सिगटर्म (थांबायचा संदेश) मी आता फक्त एक फ्लॅग उचलायला वापरतो. मुख्य लूप तो बघून रीतसर बाहेर पडतो आणि गार्ड चालतात. लाईटसाठी वेगळा उपाय आहे: दिवसाची बेरीज आधी तात्पुरत्या फायलीत लिहायची, एफसिंक करायचं (मजकूर खरोखर डिस्कवर उतरवायचा) आणि मग नाव बदलायचं.

रिपोर्ट पाठवणारा छोटा प्रोग्रॅम गो या भाषेत आहे. तिथला डिफर (हे काम शेवटी कर, असं सांगणारा शब्द) मला आवडतो, पण तो ब्लॉक संपल्यावर नाही, फंक्शन संपल्यावर चालतो. महिन्याच्या फायलींवर फिरणाऱ्या लूपमध्ये तो लिहिला तर सगळ्या फायली शेवटपर्यंत उघड्याच राहतात. लूपच्या आतलं काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढलं की प्रश्न मिटतो.

या आठ महिन्यांत 'सरकंना झालंय'चा एकही फोन आलेला नाही. शेजारच्या शेडमधल्या तिसऱ्या काट्याचा प्रोग्रॅम अजून जुनाच आहे आणि त्यातल्या एका फंक्शनमध्ये रिटर्न नऊ आहेत. दिवाळीत भट्टी थंड असते, तेव्हा तो हातात घेणार आहे.