बिलीफ-ओ-मॅटिक: श्रद्धेची टक्केवारी

बिलीफनेट या धर्मविषयक संकेतस्थळाची ‘बिलीफ-ओ-मॅटिक’ ही प्रश्नावली ईश्वराचे स्वरूप, विश्वाची उत्पत्ती, मृत्यूनंतरची गती अशा विषयांवर 20 प्रश्न विचारते, प्रत्येक मुद्दा आपल्याला किती महत्त्वाचा वाटतो हेही नोंदवून घेते आणि उत्तरांशी जुळणाऱ्या धर्मपंथांची टक्केवारीनुसार यादी देते. महत्त्व नोंदवण्याची ही सोय मला सर्वांत मोलाची वाटली, कारण पुनर्जन्माविषयी ठाम असणारा आणि त्याविषयी उदासीन असणारा यांना एकाच मापाने तोलणे अन्यायाचे ठरले असते. मात्र सारा भर मतांवर आहे. त्यामुळे यहुदी किंवा जपानमधील शिंतो यांसारख्या, आचाराला मोठे स्थान देणाऱ्या परंपरांबाबत निकाल अपुरा वाटतो. यादीतील पहिल्या क्रमांकापेक्षा (तो पुष्कळदा अनोळखी पंथाचा निघतो) मधले क्रमांक अधिक विचारप्रवर्तक आहेत.