टॅमसुलोसिन: आठ महिन्यांचा अनुभव, पाचपैकी साडेतीन

रात्री लघवीला चार-पाचदा उठायचो, आणि धार कशी, तर नळाचं पाणी जायच्या बेताला येते तशी. वय ६७. प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेली, म्हणून डॉक्टरांनी टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम दिली, रोज एक, जेवणानंतर. आठवड्याभरात फरक पडला. आता एकदाच उठतो. पण तिसऱ्याच दिवशी पलंगावरून झटकन उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी. कपाट धरलं म्हणून वाचलो. तेव्हापासून आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसतो. दुसरं, जे कुणी मोकळेपणाने बोलत नाही: वीर्य बाहेर येणं जवळजवळ थांबलं. अपाय नाही म्हणे, पण आधी सांगितलं असतं तर घाबरलो नसतो.

ग्रंथी मोठी, म्हणून पुढे ड्युटास्टेराइड जोडली. हे औषध ग्रंथी आकसवतं, पण सहा महिने तरी धीर धरावा लागतो. कामेच्छा कमी झाली, हेही खरं. शिवाय तिच्यामुळे पीएसएचा (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा अंदाज घ्यायच्या रक्ततपासणीचा) आकडा साधारण निम्मा दिसतो, तेव्हा तपासताना सांगायचंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी टॅमसुलोसिनचंही सांगा, डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा (आयरिस) ढिला पडतो. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनने धार चांगली सुटते, पण वीर्य बाहेर न येणं त्यातही बहुतेकांना होतं, ते मागे मूत्राशयात जातं. तूर्त गोळ्याच.